वाचकांचे प्रश्न: ट्रेलरवरची बोट, निसरडा उतार आणि एकटाच माणूस

लहान बोटींबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकच अडचण पुन्हा पुन्हा आली आहे. बोट आहे, ट्रेलर आहे, गाडी आहे, पण सोबतीला कुणी नाही. म्हणून हा सगळा स्तंभ त्याच कामाला दिला आहे.

प्रश्न: माझ्याकडे १४ फुटी फायबरची बोट, १५ अश्वशक्तीचं ओबीएम (पिछाडीला बाहेरून लावायचं इंजिन) आणि मागच्या चाकांवर चालणारी जीप आहे. आठवड्याच्या मधल्या वारी खाडीवर जातो तेव्हा मदतीला कुणी नसतं. जेटीला लागून असलेल्या उतारावरून एकट्याने बोट उतरवायचा क्रम सांगाल का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: या कामात दुसऱ्या माणसाची जागा दोर घेतो. म्हणून सुरुवात दोरापासून करा. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कडीला १० मिलिमीटर जाडीचा, किमान १० मीटर लांबीचा दोर पक्क्या फाशाने बांधा. बोटीची लांबी सव्वाचार मीटर आहे. ती ट्रेलरवरून पूर्ण सुटून मागे गेली तरी दोराचं दुसरं टोक तुमच्या हातात सैल राहिलं पाहिजे, म्हणून १० मीटर. पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, त्यामुळे इंजिनाच्या पंख्यात जायची भीती कमी असते. नायलॉन जास्त मजबूत, पण बुडतो. उतरवण्यापुरता तरंगणारा दोर बरा. पिछाडीला वेगळा ५ मीटरचा दोर आणि जेटीच्या बाजूला दोन फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) हवेत. जुन्या स्कूटरचे टायर चालतात, पण रबराचे काळे डाग बोटीवर उठतात, तेव्हा त्यांना गोणपाट गुंडाळा.

आता तयारी. ती उतारावर करायची नाही, वरच्या सपाट जागेवर करायची. उतारावर गाडी उभी करून पट्टे सोडत बसलं की मागच्या लोकांचा खोळंबा होतो, आणि त्या घाईतच चुका होतात.

सपाटीवर पहिलं काम बुचाचं. पिछाडीच्या तळाशी पाणी काढायचं जे भोक असतं, त्याचं बुच बसवा. बसवण्याआधी त्यावरची रबरी कडी बोटाने फिरवून पाहा. तिला चीर पडली असेल किंवा आट्यांत वाळूचा एक कण जरी असला तरी बुच घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि पाणी आत येत राहतं. बुच विसरणं ही उतारावरची सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. त्यावर साधा उपाय: बोट घरी आली की बुच इंजिनाच्या सुरक्षा-दोरीला बांधून ठेवा. ती दोरी लावल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही, त्यामुळे बुच हातात येतंच.

मग पिछाडीचे ट्रेलरला बांधलेले पट्टे सोडा. इंजिनाखालचा टेकू काढा, पण इंजिन वर उचललेलंच ठेवा आणि त्याची खिटी लागली आहे ना ते पाहा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळी जोडा, रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून सोडवा. पेटलेला गरम बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो, आणि खारं पाणी शिरून फ्यूज उडतो. लाइफ जॅकेट इथेच अंगात घाला. एकट्या माणसाचा पाय शेवाळावरून सटकतो तो बहुतेक वेळा बोटीत चढण्याआधीच.

विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या हातचरखीचा) पट्टा आणि नाळेची सुरक्षा-साखळी मात्र अजिबात सोडू नका. ती सोडायची वेळ बोट पाण्यावर तरंगल्यावरच येते. रोलरच्या ट्रेलरवर विंच सोडलेली बोट कोरड्या उतारावर आपल्या वजनानेच घसरते आणि सरळ काँक्रीटवर आपटते.

गाडी मागे घेण्याआधी उतार पायी उतरून पाहा. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, शेवाळाची रेघ. भरतीच्या वरच्या पट्ट्यात काँक्रीट पांढरट आणि कोरडं दिसतं, त्याखाली हिरवं, मग काळपट. तुमच्या गाडीची मागची चाकं या हिरव्या रेघेच्या वरच राहिली पाहिजेत, कारण ओढायचं काम तीच चाकं करतात आणि पाण्याला सर्वांत जवळही तीच असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा त्रास वेगळा. उतारावर तिचं वजन मागे सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी पडून जागीच फिरतात. दुसरी गोष्ट म्हणजे काँक्रीट कुठे संपतं. वल्हं किंवा बांबू टेकवत पाहा. ट्रेलरचं चाक त्या कडेखाली उतरलं तर आस कडेला अडकतो आणि गाडीने ओढल्यावर वाकतो.

मागे येताना गाडीच्या काचा खाली आणि सीटबेल्ट सुटा ठेवा. गाडी घसरलीच तर बाहेर पडता आलं पाहिजे. ट्रेलरच्या चाकांवरचे पत्रे पाण्याला टेकले की थांबा. या आकाराच्या बोटीला एवढी खोली बहुधा पुरते. गाडीचा सायलेन्सर पाण्याबाहेर राहिला पाहिजे. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका आणि मागच्या दोन्ही चाकांमागे लाकडी ठोकळे लावा. ठोकळ्यांना दोरी बांधून ती ट्रेलरच्या दांड्याला अडकवा, म्हणजे गाडी वर गेली की ठोकळे आपोआप मागे येतात, तिथे पडून राहत नाहीत. किल्ली खिशात.

आता नाळेच्या दोराचं मोकळं टोक जेटीच्या कडीला बांधा. जेटी दूर असेल तर आधी ट्रेलरच्या विंचच्या खांबाला, एका झटक्यात सुटेल अशा गाठीने. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि एकट्या माणसाला तीच सगळ्यात उपयोगाची. बोट विंचला अडकलेली असतानाच बोटीत चढा, इंजिन पाण्यात सोडा आणि चालू करून पाहा. मागून पाण्याची बारीक धार येत असेल तर पंप चालू आहे. धार नसेल तर लगेच बंद करा, कारण पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला की थोड्या वेळातच जळतो. इंजिन चालू होत नसेल तर बोट अजून तुमच्या ट्रेलरवर आहे. गाडी वर घ्यायची, एवढंच नुकसान. हेच बोट सोडल्यावर कळलं तर वारा आणि ओहोटी तुमच्या हातात नसतात.

इंजिन चालतंय याची खात्री झाली की बंद करा, अर्धं वर उचला, खाली उतरा. साखळी काढा, पट्टा सैल करून आकडा काढा आणि नाळेला हाताने मागे रेटा. तरंगणारी बोट एका हाताने जाते. जात नसेल तर ती तरंगलेली नाही. अशा वेळी जोर लावायचा नाही. आकडा परत लावून ट्रेलर हातभर आणखी आत घ्यायचा. गाडी जोरात मागे घेऊन कचकन ब्रेक मारायचा, म्हणजे बोट सटकते, अशी एक पद्धत दिसते. ओल्या उतारावर ती करू नका. ब्रेकने चाकं अडतात, पण गाडी थांबेलच असं नाही.

बोट मागे गेली की दोर धरून जेटीवर चढा, तिला बाजूला आणा, पुढे-मागे दोन्ही दोर बांधा, आणि आधी गाडी वर नेऊन लावा. सामान चढवणं त्यानंतर.

प्रश्न: भरती-ओहोटीची कोणती वेळ धरावी? मागच्या वेळी बोट सोडता सोडता ट्रेलरवरच बसली. (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर: तुमची बोट ओहोटीच्या मधल्या तासांत बसली असणार. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या आसपास पाणी ४ मीटर किंवा त्याहून जास्त चढतं-उतरतं, दक्षिण कोकणात त्याहून कमी. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २ आणि शेवटच्या तासात १, असा ढोबळ हिशेब आहे. ४ मीटरच्या उधाणाला तिसऱ्या तासात पाणी १ मीटर उतरतं, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिमीटर. उतार आठास एक असेल तर पाण्याची कड दर मिनिटाला सुमारे १३ सेंटिमीटर मागे सरकते. तुम्ही पाच मिनिटं पट्टे सोडत बसलात, तेवढ्यात पाणी ६५ सेंटिमीटर दूर गेलं. बोट बसायला एवढं पुरतं.

म्हणून एकट्याने बोट उतरवायची ती चढत्या पाण्यावर, पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी. पाणी चढतं असलं की चूक झाली तरी दहा मिनिटांत तेच बोट उचलतं. शिवाय वरच्या पाण्याला उताराचा कोरडा, खरबरीत भाग वापरता येतो. शेवाळ पाण्याखाली राहतं आणि त्यावर फक्त ट्रेलरची चाकं जातात.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. हिशेब तासाभराने चुकू शकतो आणि खाडीत आत गेलं की भरती आणखी उशिरा पोचते. त्यामुळे बेत तिथीवर आखा, पण निघताना भरतीचं छापील कोष्टक पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी साडेनऊला उतरवून दुपारी अडीचपर्यंत परत आलात तर दोन्ही वेळा वरचं पाणी मिळतं. अष्टमीच्या भांगाला सकाळी लवकर उतरवून संध्याकाळी परत या. दुपारी उतार उघडा पडलेला असेल. भांगाचं पाणी मुळात कमी चढतं-उतरतं, त्यामुळे एकट्याने शिकायला तेच दिवस चांगले.

प्रश्न: मागे घेताना ट्रेलर हमखास वाकडा जातो. लांब ट्रेलर घेतला तर सोपं जाईल का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर: लांब ट्रेलर खरोखरच सोपा असतो, कारण तो हळू वळतो. आखूड ट्रेलर स्टिअरिंगच्या जराशा हालचालीने आडवा होतो. पण त्यासाठी ट्रेलर बदलू नका, हात बदला. एक हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात तिथे ठेवा. ट्रेलरची पिछाडी उजवीकडे न्यायची तर तो हात उजवीकडे, डावीकडे न्यायची तर डावीकडे. सरळ मागे जाताना दोन्ही आरशांत पाहा. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल त्या बाजूला स्टिअरिंग थोडं वळवा (तळाशी धरलेला हात उलट बाजूला जाईल) आणि लगेच सरळ करा. 'लगेच' हाच शब्द महत्त्वाचा. ट्रेलर वळायला लागल्यावर स्टिअरिंग तसंच धरून ठेवलं की तो दुमडतो. दुमडायला लागला तर तो मागेच घेत सुधारायचा प्रयत्न सोडा. तीन-चार मीटर पुढे जाऊन सरळ करा.

रिकामा ट्रेलर उतारावर आरशात दिसतच नाही. त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर दीड मीटर उंचीचे पीव्हीसीचे पाइप उभे करा. उतरवताना ते दिशा दाखवतात आणि बोट परत चढवताना तिला मधोमध धरतात. सराव मोकळ्या मैदानात करा. तीन मीटर अंतरावर दोन बादल्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधून ट्रेलर मागे न्यायचा. ओळीने दहा वेळा जमलं की मगच उतारावर जा.

प्रश्न: ट्रेलरच्या चाकाचं बेअरिंग वर्षात दोनदा गेलं. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुतो, तरी असं का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: बाहेरून धुतल्याने पत्रा आणि स्प्रिंगच्या पट्ट्या वाचतात. बेअरिंगपर्यंत ते पाणी पोचत नाही, आणि बिघाड तिथेच आहे. तास-दोन तास हमरस्त्यावर चालल्यावर चाकाचा हब (बेअरिंग बसतं तो मधला भाग) तापतो आणि आतली हवा प्रसरण पावते. तसाच तो गार पाण्यात बुडवला की हवा आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, पोलादी गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या प्रवासात बेअरिंग घरघरतं.

उतारावर पोचलात की हबला हाताचा मागचा भाग लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर बेअरिंग आधीच घट्ट किंवा खराब आहे. काहीही असलं तरी १५-२० मिनिटं थांबा. वर सांगितलेली तयारी त्याच वेळात होते.

खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरचे हब वर्षातून किमान एकदा, पावसाळ्याआधी उघडा. चार महिने उभ्या ट्रेलरमध्ये राहिलेलं दुधाळ ग्रीस सगळ्यात जास्त नुकसान करतं. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा, बेअरिंग वाळवा आणि पाण्यात टिकणारं ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने, दुसरीकडून बाहेर येईपर्यंत दाबून भरा. सील दर वेळी नवा. नट आवळताना चाक फिरवत राहा. मग नट किंचित सैल करा, इतका की चाक मोकळं फिरेल पण वर-खाली हलवल्यावर खटखटणार नाही. खिळ म्हणजे स्प्लिट पिन जुनी वापरू नका. हबच्या तोंडावर स्प्रिंगच्या टोप्या बसवल्या असतील तर ग्रीसगन जपून चालवा. जास्त दाबाने ग्रीस मागच्या सीलला ढकलून बाहेर काढतं आणि पाण्याला वाट मोकळी होते. दूर जाताना एक तयार हब, सील आणि पिन गाडीत असू द्या.

प्रश्न: फेरीबोटीच्या धक्क्यावरून किंवा सरळ पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) बोट उतरवता येईल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले अशा फेऱ्यांचे उतार रुंद आणि मजबूत आहेत, पण ते फेरीसाठी आहेत. तिथल्या लोकांची परवानगी आणि दोन फेऱ्यांमधली मोकळी वेळ, दोन्ही मिळाल्याशिवाय तिकडे वळू नका. आणखी एक अडचण म्हणजे मोठ्या पंख्यांच्या पाण्याने उताराच्या पायथ्याशी खड्डा पडतो. ट्रेलरचं चाक त्यात जाऊ शकतं.

पुळणीवर गाडी ओल्या वाळूत न्यायचीच नाही. गाडी वर कडक जमिनीवर थांबवा, ट्रेलर सोडा, २० मीटर लांबीच्या जाड दोराने त्याला गाडीशी बांधा आणि हाताने उतरवत न्या. साधारण साडेचारशे किलोचा भरलेला ट्रेलर एकट्याने वाळूत ढकलणं मात्र शक्य नाही. पुळणीवरून एकट्याने जायचं तर सव्वाशे-दीडशे किलोंची हलकी बोट आणि रुंद चाकांची हातगाडीच हवी. टायरमधली हवा १५ ते १८ पौंडांवर आणली की चाक वाळूवर पसरतं आणि कमी रुततं. रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायला विसरू नका.

प्रश्न: परत आल्यावर आडव्या वाऱ्यात बोट ट्रेलरवर तिरकी बसते. (एक वाचक, मालवण)

उत्तर: ट्रेलर फार खोल जातोय. खोल गेला की बोट ती जिच्यावर बसते त्या ट्रेलरच्या फळ्यांच्या वर तरंगत राहते, वारा पिछाडीला ढकलतो आणि पाणी उतरताना ती जिथे असेल तिथे बसते. आधी ट्रेलर खोल नेऊन फळ्या भिजवा, मग वर ओढून फळ्यांचा दोन-तृतीयांश भाग पाण्यात राहील असा थांबवा. बोट इंजिनाच्या जोरावर चढवू नका. दोराने जेटीवरून चालवत आणा, आकडा लावा आणि शेवटचा मीटरभर विंचने ओढा. पिछाडीचा दोर वाऱ्याच्या बाजूने जेटीच्या कडीतून एक फेरा देऊन हातात ठेवा, त्याने पिछाडी सरळ राहते. इंजिनाचा जोर देऊन चढवणाऱ्यांमुळेच अनेक उतारांच्या टोकाशी पंख्याने खड्डे पडतात.

उतार चढून सपाटीवर आलात की नाळ आणि विंचच्या खांबावरचा रबरी ठोकळा यांच्यात चार बोटांची फट पडलेली दिसेल. विंच पुन्हा आवळा, मगच पिछाडीचे पट्टे बांधा. बुच मात्र उतारावरच काढा. नाळ वर असते, सगळं पाणी निघून जातं.

प्रश्न: विंचचं हँडल हातातून सुटून मनगटावर बसलं. विंच बदलावा का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: आधी दात्यात अडकणारी खिटी पाहा. तिची स्प्रिंग गंजली की खिटी दात्यात पूर्ण बसत नाही. ती बसली नसताना हँडल सोडलं तर बोटीचं वजन ते फिरवतं. स्प्रिंग बदला, दाते झिजले असतील तर विंचच बदला. खिटीची दिशा बदलताना हँडल एका हाताने घट्ट धरा, ताण आधी आपल्या हातावर घ्या आणि चेहरा हँडलच्या फिरण्याच्या रेषेत आणू नका. तारेचा दोर असेल तर पट्टा लावून घ्या. गंजलेली तार तुटली की चाबकासारखी येते.

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो. इथे भरती-ओहोटी नाही. तरी या क्रमात काही बदल करावा लागेल का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर: बुचाचा. तुमच्या राज्यात बोट रस्त्यावरून नेताना बुच काढलेलं आणि पाणी पूर्ण सोडलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे घरून बुच लावून निघता येत नाही, ते उताराजवळच लावावं लागतं. कारण झेब्रा शिंपले. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातले हे शिंपले १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये आढळले आणि तिथून पसरले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि बोटीच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. ट्रेलरला अडकलेलं शेवाळ निघण्याआधी हाताने काढा, आमिषाच्या डब्यातलं पाणी उतारापासून लांब ओता, आणि दुसऱ्या तळ्यावर जायच्या आधी बोट किमान ५ दिवस कोरडी राहू द्या.